दोन निळ्यांचं गाव

ऑकलंड म्हटलं की आपल्याला न्यूझीलंड आठवतं. क्रिकेट बघणाऱ्यांना तिथलं ईडन पार्कही आठवेल, आणि ईडन म्हटल्यावर लगेच कोलकात्याचं ईडन गार्डन्स. गंमत अशी की या तिन्ही नावांचा उगम एकच आहे. जॉर्ज ईडन, म्हणजेच लॉर्ड ऑकलंड, १८३६ ते १८४२ या काळात हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते. त्यांच्या एमिली आणि फॅनी या बहिणी त्यांच्याबरोबर कलकत्त्यात राहत. ईडन गार्डन्सला त्यांचं नाव मिळालं असं सांगतात. १८४० मध्ये न्यूझीलंडात नवी वसाहत झाली, तिला याच लॉर्डांचं नाव दिलं गेलं. पण मुळात त्यांना 'ऑकलंड' ही पदवी मिळाली ती इंग्लंडच्या उत्तरेतल्या डरहॅम परगण्यातल्या वेस्ट ऑकलंड नावाच्या खेड्यावरून.

या खेड्यापासून तीनेक मैलांवर बिशप ऑकलंड नावाचं गाव आहे. आज मला या गावाबद्दल आणि गावाच्या फुटबॉल क्लबाबद्दल लिहायचं आहे. तुम्ही म्हणाल, मास्तर, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलात, आता हे फुटबॉल कुठून काढलंत? त्याचं कारण आमचा नातू. त्याच्या अंगावर सदानकदा मँचेस्टर युनायटेडचा लाल सदरा असतो. त्या संघाचं विमान १९५८ साली कोसळलं, हे त्याने मला सांगितलं. 'मग पुढचे सामने कोण खेळलं रे?' असं मी विचारलं, तर त्याला सांगता येईना. उत्तर शोधता शोधता मी या गावात येऊन पोचलो आणि तिथेच रमलो.

गाव लहानच. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. डरहॅमच्या बिशपांचा वाडा इथे आहे, म्हणून नावात बिशप. पूर्वी डरहॅमच्या बिशपांचा दरारा एखाद्या संस्थानिकासारखा होता. सैन्य बाळगायचं, नाणी पाडायची, न्यायनिवाडा करायचा, सगळे अधिकार त्यांच्याकडे. या वाड्यात झुर्बारान या स्पॅनिश चित्रकाराने काढलेली जेकब आणि त्याच्या मुलांची भली मोठी चित्रं आहेत. १७५६ मध्ये त्या वेळच्या बिशपांनी ती विकत घेतली. वाड्याबाहेर मात्र वेगळंच जग. जमिनीखाली कोळसा, जमिनीवर खाणकामगारांच्या चाळी. १८२५ मध्ये सुरू झालेली स्टॉक्टन ते डार्लिंग्टन ही सुप्रसिद्ध रेल्वे याच मुलुखातला कोळसा वाहून नेण्यासाठी होती. शेजारच्या शिल्डनमध्ये रेल्वेचे कारखाने होते. लॉरेल आणि हार्डी या जोडगोळीतला बारीक लॉरेल काही वर्षं याच गावात शिकला. त्याचे वडील इथलं ईडन थिएटर चालवायचे. बघा, इथेही ईडन आहेच!

क्लबाचा जन्म या दोन जगांच्या सांध्यावर झाला. १८८० च्या सुमारास बिशप होते लाइटफूट. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधून पदवी घेऊन धर्मोपदेशक होऊ इच्छिणारी तरुण मुलं ते वाड्यावर शिकायला ठेवून घेत. या मुलांना फुटबॉलचा नाद. १८८२ मध्ये त्यांनी चर्चच्या संस्थेतर्फे संघ काढला. पुढे मतभेद झाले आणि १८८६ मध्ये त्यातूनच गावाचा वेगळा संघ उभा राहिला. आजचा क्लब आपलं जन्मवर्ष १८८६ मानतो. विद्यार्थी गेले, बिशपही गेले, पण रंग राहिले. ऑक्सफर्डचा गडद निळा आणि केंब्रिजचा फिकट निळा. म्हणून या संघाला आजही 'टू ब्लूज', म्हणजे 'दोन निळे' म्हणतात. खाणीत काळवंडलेली माणसं शनिवारी दुपारी विद्यापीठांचे रंग अंगावर चढवून खेळायची, हे चित्र मला फार आवडतं.

आता थोडी माहिती, कारण आपल्याकडे हे सहसा कुणाला ठाऊक नसतं. इंग्लंडमध्ये वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब आहेत. त्याखालच्या सगळ्यांना 'नॉन-लीग', म्हणजे लीगबाहेरचे म्हणतात. तसे तेही लीगमध्येच खेळतात, फक्त त्यांची लीग वेगळी. मुख्य फुटबॉल लीग सुरू झाली १८८८ मध्ये. उत्तरेतल्या या लहान गावांनी १८८९ मध्ये आपली नॉर्दर्न लीग काढली. ती अजून चालू आहे. तिच्यात बिशप ऑकलंडने एकूण १९ वेळा विजेतेपद मिळवलं.

पण क्लबाचं खरं नाव झालं ते हौशी संघांच्या चषकामुळे. १८८५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली. मग धंदेवाईक संघांपुढे हौशी संघांचा टिकाव लागेना. म्हणून १८९३-९४ च्या हंगामात हौशी संघांसाठी वेगळा चषक सुरू झाला. तिसऱ्याच हंगामात, १८९६ मध्ये, तो बिशप ऑकलंडने जिंकला. पुढे १९००, १९१४, १९२१, १९२२, १९३५, १९३९ आणि मग १९५५, ५६, ५७ असे ओळीने तीन. एकूण दहा. शिवाय आठ वेळा अंतिम सामन्यात हार. म्हणजे एवढ्याशा गावाचा संघ अठरा वेळा अंतिम फेरीत! या चषकात दुसऱ्या कुठल्याही क्लबाला एवढं जमलं नाही.

'हौशी' या शब्दाशी मी जरा अडखळतो. मराठीत हा शब्द मोठा लबाड आहे. एका बाजूने त्यात हौस आहे, जीव ओतणं आहे. दुसऱ्या बाजूने 'चालायचंच, हौशी मंडळी आहेत' असं म्हणून आपण हळूच कच्चेपणाही सुचवतो. आपल्याकडच्या हौशी नाटकवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. दिवसा बँकेत कारकुनी, नाहीतर शाळेत मास्तरकी, आणि रात्री दहापर्यंत तालीम. त्यातले कित्येक धंदेवाईक नटांच्या तोडीचे असत, पण शिक्का हौशीचाच. बिशप ऑकलंडची कथा म्हणजे या शिक्क्याचीच कथा आहे.

आणि हा शिक्का सगळ्यांना सारखा परवडत नव्हता. वाड्यावरच्या पदवीधर मुलाला फुकट खेळणं सोपं होतं. खाणीत पाळी बुडाली की मजुरी बुडणाऱ्या माणसाने काय करायचं? वेस्ट ऑकलंडचंच उदाहरण घ्या. या खेड्यातला खाणकामगारांचा संघ १९०९ मध्ये इटलीतल्या तुरीनला गेला. चहावाले सर थॉमस लिप्टन यांनी तिथे एक चषक ठेवला होता. हो, तेच पुडीवरचे लिप्टन. या खाणकामगारांनी जर्मन आणि स्विस संघांना हरवून चषक जिंकला. १९११ मध्ये पुन्हा गेले आणि अंतिम सामन्यात चक्क युव्हेंटसला ६-१ असं हरवलं. विश्वचषक सुरू व्हायला अजून १९ वर्षं होती! पण प्रवासखर्चाने क्लब कर्जात बुडाला. जिंकलेला चषक गावातल्या खानावळीच्या मालकिणीकडे ४० पौंडांसाठी गहाण पडला. तो १९६० मध्ये १०० पौंड भरून परत मिळवावा लागला. १९९४ मध्ये तो चोरीला गेला, तो गेलाच. आता तिथे त्याची प्रतिकृती आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ते चुकवावं लागतंच.

म्हणून या मुलुखात एक पडद्याआडचा रिवाज पडला. सामना संपला की खेळाडूच्या बुटात काही नाणी, पुढे नोटा सापडायच्या. कोणी ठेवल्या हे कोणी विचारायचं नाही. १९२८ च्या सुमारास याची चौकशी झाली आणि डरहॅम परगण्यातल्या शेकडो हौशी खेळाडूंवर कारवाई झाली. कागदोपत्री तो गुन्हा होता हे खरं. पण नियम करणारे कोण होते आणि मोडणारे कोण होते, हे पाहिलं की इतिहास शिकवलेल्या माणसाला निर्णय द्यायची घाई होत नाही. खाणीतल्या माणसाला बुडालेल्या पाळीची भरपाई मिळाली तर त्याची हौस खोटी ठरते का? मला नाही तसं वाटत.

धंदेवाईकांचंही फार सुखात चाललं होतं असं नाही. तिथे खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती. ती १९६१ मध्ये उठली, तेव्हा आठवड्याला जेमतेम २० पौंड होती. त्यामुळे ज्याच्या हाताला शिक्षकाची किंवा दुसरी बरी नोकरी आहे, त्याने ती सोडून धंदेवाईक व्हावं असं काही विशेष कारण नव्हतं. घोटा मोडला तर नोकरी तरी शाबूत. उत्तम दर्जाचे खेळाडू हौशी का राहत, याचं उत्तर थोडंसं या हिशेबातही आहे. बिशप ऑकलंडच्या सुवर्णकाळाचं गणित समजून घ्यायचं तर ही २० पौंडांची गोष्ट विसरून चालणार नाही.

या क्लबातून धंदेवाईक झालेल्यांपैकी एकाचं नाव सांगतो. १९३९ मध्ये चषक जिंकणाऱ्या संघात वीस वर्षांचा एक मुलगा होता, बॉब पेझली. जवळच्याच खाणपट्ट्यातला. तो त्याच वर्षी लिव्हरपूलला गेला. पुढे १९७४ ते १९८३ लिव्हरपूलचा व्यवस्थापक म्हणून त्याने तीन युरोपियन चषक मिळवले. आजही मोठमोठे व्यवस्थापक ज्याच्या बरोबरीला पोचायला धडपडतात, त्याने शिकवणीचे पहिले धडे गिरवले ते या निळ्या सदऱ्यात.

महायुद्धानंतर या क्लबाचे सगळ्यात मोठे दिवस आले, पण सुरुवात रडकी होती. १९४९ पासून हौशी चषकाचा अंतिम सामना वेम्ब्लीवर होऊ लागला आणि तिथे लाख लाख माणसं येऊ लागली. १९५० मध्ये बिशप ऑकलंड तिथे शेजारच्याच विलिंग्टन गावाकडून ४-० असं हरलं. १९५१ मध्ये पुन्हा अंतिम फेरी. समोर पेगॅसस, म्हणजे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा संघ. ज्या विद्यापीठांचे रंग सत्तर वर्षं अंगावर वागवले, त्यांच्याकडूनच २-१ अशी हार! १९५४ मध्ये गाठ पडली पाच मैलांवरच्या क्रूक टाउनशी. वेम्ब्लीवर एक लाख प्रेक्षकांपुढे २-२ बरोबरी. न्यूकॅसलला पुन्हा सामना, पुन्हा २-२. मिडल्सब्रोला तिसरा सामना, त्यात क्रूक १-० ने विजयी. दोन शेजारी गावांचं हे भांडण बघायला तिन्ही मैदानांवर मिळून पावणेदोन लाखांहून जास्त माणसं गेली. दोन्ही गावांची मिळून लोकसंख्याही तेवढी नव्हती.

या तिन्ही हारी पचवलेला एक माणूस होता, बॉब हार्डिस्टी. टक्कल पडू लागलेला, शांत, मधल्या फळीत खेळणारा. शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात नोकरी करणारा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो ब्रिटनच्या संघात होता. त्याच स्पर्धेत आपला संघही होता, अनवाणी खेळलेला, फ्रान्सकडून १-२ असा थोडक्यात हरलेला. तेही सगळे हौशीच. ब्रिटनच्या त्या संघाला तयार करण्याचं काम होतं मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक मॅट बस्बी यांच्याकडे. हौशी मुलांबरोबरचे ते काही आठवडे बस्बी विसरले नाहीत आणि हार्डिस्टीही विसरला नाही. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९५४-५५ च्या हंगामात सगळं जुळून आलं. एफए चषकात, म्हणजे जिथे धंदेवाईक संघही असतात तिथे, या हौशी संघाने क्रिस्टल पॅलेसला त्यांच्याच मैदानावर ४-२ असं हरवलं. मग इप्सविचशी त्यांच्या गावात २-२ बरोबरी आणि आपल्या गावात ३-० असा विजय. चौथ्या फेरीत यॉर्क सिटीने त्यांना अडवलं. पण त्याच वर्षी वेम्ब्लीवर हेन्डनला २-० असं हरवून हौशी चषक घरी आला. पुढल्या वर्षी कोरिंथियन-कॅज्युअल्स, त्याच्या पुढल्या वर्षी वायकम वाँडरर्स. ओळीने तीन. तिसरा जिंकला आणि हार्डिस्टीने बूट खुंटीला टांगले.

गोलरक्षक हॅरी शॅरट हा शाळामास्तर होता. त्याच्याबद्दल एक दंतकथा सांगतात. चेंडू आपल्या बाजूला येतच नाही म्हणून कंटाळून त्याने गोलच्या रेषेवर बर्फाचा माणूस करून उभा केला आणि पंचांनी त्याला ताकीद दिली! खरं खोटं देव जाणे. पण अशी गोष्ट मास्तरबद्दलच सांगितली जावी, याचं मला बिलकुल आश्चर्य वाटत नाही.

आता ६ फेब्रुवारी १९५८. बेलग्रेडहून सामना खेळून परतणारं मँचेस्टर युनायटेडचं विमान म्युनिकच्या धावपट्टीवरून तिसऱ्यांदा उडायचा प्रयत्न करताना चिखलबर्फात कोसळलं. २३ माणसं गेली, त्यांत ८ खेळाडू. बस्बी मरणाच्या दारात. त्यांचे सहायक जिमी मर्फी वेल्सच्या संघाबरोबर असल्यामुळे त्या विमानात नव्हते. क्लब चालवायची जबाबदारी या एकट्या माणसावर येऊन पडली. तेरा दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, पहिला सामना झाला. त्या दिवशी विकलेल्या कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या अकरा खेळाडूंच्या जागा कोऱ्या सोडलेल्या होत्या. कोण खेळणार हे छापायच्या वेळी ठरलेलंच नव्हतं.

मुख्य संघासाठी मर्फींनी राखीव संघातली पोरं वर घेतली. एक-दोन खेळाडू विकत आणले. पण मग राखीव संघ कोण खेळणार? त्याचेही सामने ठरलेले होते. तिथे उरली होती सोळा-सतरा वर्षांची मुलं. आपले दादा लोक नुकतेच गेलेले पाहिलेली. त्यांच्याबरोबर मैदानात उभं राहायला अनुभवी, डोकं शांत असलेली माणसं हवी होती. अशी माणसं बाजारात विकत मिळत नाहीत. बिशप ऑकलंडहून तिघे गेले. डेरेक लेविन हा मूळचा मँचेस्टरचाच, युनायटेडच्या ओळखीचा. वॉरेन ब्रॅडली हा बुटका, चपळ, उजव्या बगलेवरून धावणारा. आणि तिसरा हार्डिस्टी, निवृत्त झालेला, वय ३७. त्याने खुंटीवरचे बूट पुन्हा पायात चढवले. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी त्याला ऑलिंपिकसाठी शिकवलं, ते बस्बी म्युनिकच्या इस्पितळात पडून होते.

या तिघांसाठी बिशप ऑकलंडने युनायटेडकडून मोबदला घेतला नाही. हौशी खेळाडूची किंमतच ठरलेली नसते, तर घेणार काय? जगातल्या एका मोठ्या क्लबाला अडचणीत पडल्यावर हात दिला तो लीगबाहेरच्या, कोळशाच्या गावातल्या, फावल्या वेळात खेळणाऱ्या माणसांनी. नातवाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'आजोबा, पण त्यांना काय मिळालं?' आजच्या मुलाने हा प्रश्न विचारणं साहजिकच आहे. प्रश्न चांगला आहे, म्हणून पुढचं लिहितो.

ब्रॅडलीला मी मनातल्या मनात ब्रॅडलीसर म्हणतो, कारण तो शिक्षक होता. डरहॅम विद्यापीठात शिकलेला. राखीव संघासाठी आलेला हा माणूस इतका छान खेळला की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युनायटेडने त्याला मुख्य संघात घेतलं आणि तो रीतसर धंदेवाईक झाला. पण शाळा त्याने सोडली नाही. ६ मे १९५९ रोजी तो इंग्लंडच्या मुख्य संघाकडून वेम्ब्लीवर इटलीविरुद्ध उतरला आणि पहिल्याच सामन्यात गोल केला. त्याच हंगामात तो इंग्लंडच्या हौशी संघाकडूनही खेळला होता.  इंग्लंडकडून तीन सामने, दोन गोल. युनायटेडसाठी २१ गोल. मग पुन्हा शाळा, आणि पुढे मुख्याध्यापकपद. युनायटेडच्या माजी खेळाडूंची संघटना उभी करण्यातही त्याचा पुढाकार होता. २००७ मध्ये तो वारला.

माझ्यातल्या मास्तराला इथे थांबावंसं वाटतं. शनिवारी हजारो लोकांपुढे गोल करायचा आणि सोमवारी सकाळी फळा पुसून तारीख लिहायची, हे त्याला कसं जमत असेल? वर्गातली पोरं काय म्हणत असतील? पण मला वाटतं, हौशी असणं म्हणजे हेच. खेळ हे माणसाचं सर्वस्व नसतं, त्याच्या पायाखाली दुसरी जमीन असते. म्हणूनच तो पराभवाने मोडत नाही आणि कोणी हाक मारली तर हिशेब न करता जाऊ शकतो. पैसे घेणारा कमी प्रेमाने खेळतो असं मी म्हणत नाही. मर्फींनी उभी केलेली ती धंदेवाईक पोरंही त्या वर्षी जिवाच्या आकांताने खेळली आणि एफए चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली.

पुढची कथा उताराची आहे आणि ती लवकर सांगतो. १९६१ मध्ये पगाराची मर्यादा उठली. हौशी राहण्यातलं गणित बदललं. घराघरांत टीव्ही आले, शनिवारी मोठ्या शहरातल्या मैदानांकडे जायला गाड्या आल्या. खाली कोळसा संपत होता. १९५१ मध्येच परगण्याच्या सरकारने शंभराहून जास्त खाणगावांना 'ड' वर्गात टाकलं होतं. 'ड' वर्ग म्हणजे इथे यापुढे पैसा घालायचा नाही, गाव आपोआप संपू द्यायचं. बिशप ऑकलंडजवळचं विटन पार्क त्यातलंच. ज्या वस्त्यांतून खेळाडू आणि प्रेक्षक येत, त्यांच्यावरच काट मारली गेली. १९७४ मध्ये फुटबॉल संघटनेने हौशी आणि धंदेवाईक हा भेदच काढून टाकला. बुटातल्या पैशांचं ढोंग संपलं हे चांगलंच झालं, पण त्याबरोबर हौशी चषकही बंद पडला. त्यामुळे बिशप ऑकलंडचा दहा चषकांचा विक्रम आता कोणीच मोडू शकत नाही. असा विक्रम मिरवावा की त्याचं वाईट वाटून घ्यावं?

क्लबाचं जुनं मैदान किंग्जवे गावाच्या मधोमध होतं. शेजारी क्रिकेट क्लब, त्यामुळे एक बाजू उघडी. १९५२ मध्ये कॉव्हेंट्रीविरुद्धच्या सामन्याला तिथे १७ हजार माणसं दाटली होती. १९८८ मध्ये क्लबाने जुनी नॉर्दर्न लीग सोडून वरच्या लीगमध्ये उडी घेतली. २००६ मध्ये परत खाली यावं लागलं. मधल्या काळात पैशांची ओढाताण झाली. १९९६ मध्ये क्लब मोठ्या अडचणीत सापडला, तेव्हा मँचेस्टर युनायटेडचा संघ किंग्जवेवर मैत्रीचा सामना खेळायला आला आणि त्यातून पैसे उभे राहिले. ३८ वर्षांपूर्वीचं ते देणं कुठल्याच वहीत नव्हतं, करारात नव्हतं. तरी कोणाच्या तरी लक्षात होतं. नातवाच्या प्रश्नाला माझ्याजवळ एवढंच उत्तर आहे.

एवढं करूनही किंग्जवे सुटलंच. या शतकाच्या सुरुवातीला क्लब बेघर झाला. आठ-नऊ वर्षं शेजारच्या गावांच्या मैदानांवर, उसन्या जागेत 'घरचे' सामने खेळला. ज्यांच्याशी पिढ्यान् पिढ्या भांडले त्यांनीच आसरा दिला. शेवटी २०१० मध्ये गावाच्या कडेला हेरिटेज पार्क हे स्वतःचं मैदान झालं. जागा नवी आहे, सोयीची आहे, पण गावाच्या पोटातली नाही. घरं बांधताना आपणही हे अनुभवलेलं आहे. वाडा पाडून फ्लॅट मिळतो, ओसरी काही मिळत नाही. असो.

क्लब चालू आहे. तिकीट फाडणारे, गवत कापणारे, चहा करणारे बहुतेक गावातलेच लोक असतात आणि ते आपली हौस म्हणून येतात. मैदानावरची हौस गेली असेल, पण मैदानाच्या कडेला ती अजून पाय रोवून उभी आहे. छोटे क्लब जगतात ते अशाच माणसांवर.

आपल्या नातलगांपैकी आणि ब्लॉगवाल्या मित्रांपैकी काही जण इंग्लंडात आहेत. डरहॅमचं कॅथीड्रल बघायला तर सगळेच जातात. तिकडे गेलात तर एक शनिवार राखून ठेवा. डार्लिंग्टनहून बिशप ऑकलंडला आगगाडी जाते, तिथेच लाइन संपते. सकाळी वाड्यातली ती स्पॅनिश चित्रं बघा आणि दुपारी तीन वाजता मैदानावर जा. हवा थंड असेल, कानटोपी विसरू नका. आणि दोन निळे कसे खेळले ते मला पत्राने कळवा.